पिसांचा झगा

आमच्या घरात रेशीम नव्हते. लग्नातसुद्धा माझ्या पत्नीने सुती इरकल नेसले होते आणि निपाणीकडच्या आमच्या जैन नातेवाइकांत त्याची थोडी चर्चा झाली होती, कारण तिचे वडील तंबाखूचे व्यापारी होते आणि परवडत नाही असे कोणालाच म्हणता येत नव्हते. बोरगावला लहानपणी तिने एका आर्यिकामातेपुढे, म्हणजे जैन साध्वीपुढे, नेम घेतला होता: जीव मारून मिळालेली वस्तू अंगाला लावायची नाही. रेशमाचे किडे उकळत्या पाण्यात टाकतात हे तिने कुठूनतरी ऐकले होते. हा नेम तिने दुसऱ्या कोणावर लादला नाही. मंदिरात शालू नेसून आलेल्या बायकांच्या काठांचे ती मनापासून कौतुक करी आणि सुती लुगड्यात त्यांच्याशेजारी बसे.

ती जाऊन सात महिने झाले. मी सावकाश लिहितो आहे, कारण घाई करावी असे आता काही उरलेले नाही.

ही हकिकत सुमारे सोळा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी बेळगावात एका हायस्कुलात इंग्रजी शिकवीत होतो. शहापुरात विणकरांच्या वस्तीत आमच्या दोन खोल्या होत्या. दिवसभर मागांचा आवाज येई आणि त्यात तिच्या शिवणयंत्राचा आवाज मिसळून जाई. आम्हाला मूल नव्हते. ती बोरगावच्या शाळेत मराठी चौथीपर्यंत शिकली होती, कानडीही वाचत असे. इंग्रजी अक्षर मात्र तिला येत नव्हते. शिवणात तिचा हात चांगला होता. चोळ्या, पोलकी, लहान मुलांच्या झालरीच्या कुंच्या ती शिवी. त्या वर्षांत पोलक्याची बाही एका जागी राहत नसे. कोपरापर्यंतची बाही वर सरकली, मग तिला फुगा आला, मग फुग्याखाली पट्टी आली. कोणी कॅलेंडरावरचे चित्र घेऊन येई, कोणी कॅम्पात पाहिलेल्या मडमेच्या झग्याचे हातवारे करून वर्णन करी. “बाही वीतभर वर गेली की सासूचा आवाज हातभर वर जातो,” असे ती म्हणायची, आणि बाही सांगितल्याप्रमाणे वर न्यायची.

नकली रेशीम बाजारात आले तेव्हा तिने आधी एक धागा जाळून पाहिला. खरे रेशीम जळताना केसासारखा वास येतो. ह्याला कागदासारखा आला. मी एका इंग्रजी ग्रंथात वाचले होते की हे लाकडाच्या लगद्यापासून करतात, ते तिला सांगितले.

“लाकडाचं? खरं?”

“खरं.”

“तुम्ही वाचलंय म्हंजे खरंच आसंल,” ती म्हणाली आणि त्याच आठवड्यात तिने दोन वार पांढरे कापड आणले. वयाच्या सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा तिच्या अंगावर काहीतरी चमकले. तेव्हापासून पुस्तकातली कुठलीही गोष्ट ती मला विचारून पक्की करू लागली.

गावातल्या मुलींच्या शाळेत शिवणकामाच्या बाईंची जागा निघणार होती. हे आम्हाला त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेकडून कळले. पोलके न्यायला आलेल्या त्या वयस्क बाई खुर्चीवर बसून म्हणाल्या, “हात तुझा सोन्याचा आहे गं. पण कमिटीपुढे हात ठेवता येत नाही, कागद ठेवावा लागतो. तुझ्याजवळ परीक्षेचा कागद नाही. कॅम्पातल्या एखाद्या मोठ्या मडमेचं पत्र आणलंस, तर मी तुझं नाव लावून धरीन.”

त्या गेल्यावर पत्नी यंत्रावर काही न शिवता बसून राहिली. मग म्हणाली, “चाळीस पोरी ओळीनं बसून धावदोरा घालतील. मी मधनं फिरत बघायचं. कुणाचा वाकडा, कुणाचा सरळ.” तिला हवे होते ते एवढेच. मी तिला पत्र मिळवून देईन असे म्हणालो. ह्यात माझा उत्साह तिच्यापेक्षा जास्त होता, हे मला तेव्हा जाणवले नाही.

पत्राची वाट अनपेक्षित रीतीने उघडली. हस्तकलेच्या एका प्रदर्शनात तिने शिवलेली कुंची ठेवली होती. कॅम्पातल्या एका लष्करी साहेबाच्या मडमेने ती उचलली, झालरीच्या चुण्या नखाने मोजल्यासारख्या पाहिल्या आणि ही कोणी शिवली म्हणून विचारले. ही मडम लग्नापूर्वी विलायतेत एका नृत्यमंडळीत होती. नाताळच्या सुमारास इस्पितळाच्या मदतीसाठी क्लबात नाचाचा कार्यक्रम ठरला होता. त्यात ती स्वतः एका पांढऱ्या पक्ष्याचा नाच करणार होती आणि तिला झगा शिवणारे माणूस हवे होते. विलायतेहून आणलेला तिचा जुना झगा वाळवीने खाल्ला होता.

कॅम्पातल्या बंगल्यात पहिल्यांदा गेलो तो प्रसंग आठवतो. मापे घ्यायची असल्यामुळे मला आत जाता येत नव्हते आणि पत्नीला इंग्रजी येत नव्हते. म्हणून मी व्हरांड्यात बागेकडे तोंड करून बसलो आणि मागे दाराला बांबूचा पडदा सोडला. पडद्याआडून मडम इंग्रजीत बोले, मी बागेकडे पाहत त्याचे मराठी करी. खानापूरकडची एक आया आत मदतीला होती. मडम छातीचे माप सांगू लागली तेव्हा तो शब्द मोठ्याने उच्चारणे मला जमेना.

“वरचं माप घे,” मी म्हणालो.

“वरचं म्हंजे कुठलं?” आतून पत्नीचा आवाज आला. “डोस्क्याचं?”

“त्याच्या खालचं.”

“गळ्याचं?”

“त्याच्याही खालचं.”

आया आत मोठ्याने हसली. “मास्तर, ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली, “बायकास्नी ठावं हाय कुठं काय आस्तंय.”

त्यानंतर मडमेने आम्हा दोघांना व्हरांड्यात बसवून फोटोंची एक जाड वही दाखवली. जुन्या काळच्या नर्तकींचे झगे पोटऱ्यांपर्यंत, घंटेसारखे. मग ते आखूड होत होत कमरेभोवती ताटासारखे आडवे उभे राहिलेले. मग महायुद्धाच्या अलीकडचे: सैल, साधे, कमर खाली नितंबांवर आलेली, केस कापलेले. मडम सांगत होती की आधी रस्त्यावरचे कपडे पाहून रंगमंचाचे कपडे करीत, आता रंगमंचावरचे पाहून रस्त्यावरचे करतात. मी हे पत्नीला सांगितले. ती म्हणाली, “आमच्यातबी तसंच हाय की. नाटकातल्या बायकोचं पोलकं बघून घरातली बायको शिवून घेती. आन् नाटकातली बायको पुरुष आसती.” मी हे मडमेला सांगितले आणि ती बराच वेळ हसली.

एका फोटोत एक बाई सैल सलवार, मोत्यांच्या माळा आणि तुऱ्याचे पागोटे घालून वाकलेली होती.

“ह्यो कुठला देश?” पत्नीने विचारले.

मी मडमेला विचारून सांगितले, “आपलाच. हिंदुस्थानचा पोशाख आहे म्हणे.”

“आसं कोण घालतंय हितं?”

“कोणी नाही.”

“मग त्यांनी बघितलं कुणाचं?”

हा प्रश्न मी पुढे नेला नाही. पत्नी मात्र त्या फोटोकडे पुन्हा पुन्हा वळत होती. पागोटे हसण्यासारखे असले तरी सलवारीची शिलाई चांगली आहे, असे तिचे मत पडले.

काम सुरू झाले. घेर जाळीच्या कापडाचा होता, एकाखाली एक सहा थर, प्रत्येक थर वरच्यापेक्षा थोडा आखूड. मच्छरदाणीच्या कापडाने काम भागले. ते ताठ राहावे म्हणून शेजारच्या विणकरांकडून तिने खळ करायची रीत विचारून घेतली. केलेली खळ ती संध्याकाळी ओतून देई, कारण शिळ्या खळीत जीव होतात, आणि सकाळी ताजी शिजवी. दिवा लावून ती शिवीत नसे. दिव्यावर पाखरे येऊन मरतात. त्यामुळे तिचे काम उजाडल्यापासून सूर्य मावळेपर्यंतच चाले. वरची चोळी तिला अवघड गेली नाही. आपल्या खणाच्या चोळीच्या कळ्या जशा अंगाला धरून बसतात, तशीच तीही बसवायची होती. अडचण आली ती पट्ट्यांची. जुन्या झग्याच्या चोळीत ताठपणासाठी देवमाशाच्या तोंडातल्या हाडासारख्या पट्ट्या घातलेल्या होत्या आणि मडमेने त्याच काढून नव्यात घालायला सांगितल्या होत्या.

“कुणाचं हाड?” पत्नीने विचारले. मी खरे ते सांगितले. तिने त्या पट्ट्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवल्या आणि कळकाच्या कामट्या तासून, घासून गुळगुळीत करून त्या जागी घातल्या. पुढच्या खेपेला मी मडमेला कारण सांगितले. तिने चोळी वाकवून पाहिली, हसली, चालेल म्हणाली. मग मला म्हणाली, “तिचे आणखी काही आक्षेप असतील तर एकदाच विचारून घ्या. ह्यापुढे मला वेळ नाही, आणि गंमतही वाटणार नाही.” हे दुसरे वाक्य मी पत्नीला सांगितले नाही. पत्राचा विषय मी आदल्या खेपेलाच काढला होता आणि मडमेने काम आवडले तर देईन म्हटले होते.

त्याच्या पुढच्या आठवड्यात पिसे आली.

मडमेने व्हरांड्यात माझ्या हातात पुठ्ठ्याची पेटी दिली आणि कौतुकाने सांगितले की साहेबांनी तळ्यावर स्वतः मारलेल्या बगळ्यांची ही पिसे आहेत, मुंबईच्या एका टोप्यांच्या दुकानाकडून साफ करून, तारेने बांधून आणवली आहेत. ती इंग्रजीत बोलत होती आणि पत्नी तेव्हा पडद्याबाहेर येऊन माझ्याशेजारी उभी होती. तिने पेटी उघडली. पिसांचा एक झुबका उचलून लगेच उलटा केला आणि मुळे पाहिली.

ह्याचे कारण मला ठाऊक होते. आमच्या दिगंबर मुनींच्या हातात मोरपिसांची पिंछी असते, ती मोराने आपोआप टाकलेल्या पिसांचीच बांधायची असते. बोरगावला लहानपणी तिने इतर बायकांबरोबर ती पिसे निवडली होती. गळालेल्या पिसाचे मूळ कोरडे आणि मिटलेले असते. उपटलेल्याच्या मुळाशी काळपट डाग राहतो. पण ह्या पिसांची मुळे दुकानाने कापून टाकली होती.

“कळंना,” ती म्हणाली. “मुळंच कापल्यात. इचारा त्यास्नी, गळाल्याली हाईत का मारल्याली.”

मडम आमच्या तोंडाकडे पाहत होती. “ती काय म्हणते?” तिने विचारले.

मी इंग्रजीत म्हणालो, “पिसे धुतलेली चालतील का, असे विचारते.”

“धुवायची गरज नाही, साफ केलेली आहेत,” मडम म्हणाली आणि पत्नीकडे पाहून हसली.

मी पत्नीला म्हणालो, “गळालेली आहेत. तळ्याच्या काठावर वेचलेली.”

तिने माझ्याकडे पाहिले नाही, मडमेकडे पाहिले. मडम अजून हसत होती. पत्नीने झाकण लावले आणि पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरली, मंदिरातून काही आणावे तशी.

पुढचे तीन आठवडे ती त्या पिसांवर होती. चोळीच्या खांद्यांवर, घेराच्या वरच्या थरावर आणि डोक्याच्या पट्टीवर ती एकेक करून बसवायची होती. मागचे टाके दिसता कामा नयेत म्हणून तिने नवी रीत काढली. काम करताना ती खुशीत असे. “बगळ्यानं टाकलं ते मडमेनं घातलं,” एकदा ती म्हणाली. मी दप्तरातल्या निबंधांवर लाल खुणा करीत होतो. मान वर केली नाही.

शेवटचे माप पाहायचे होते त्या दिवशी माझ्या शाळेत परीक्षा होती. ती एकटी गेली आणि आयेने मध्ये बोलायचे काम केले. संध्याकाळी घरी आलो तेव्हा झगा खुंटीवर होता आणि ती त्याच्यासमोर खाली बसली होती.

“आया सांगत होती,” ती म्हणाली, “साहेबाचा नेम लई चांगला. एका सकाळी टोपलीभर बगळं पाडलं म्हणं. मडम म्हणली, मास्तरांना समदं सांगितलंय.”

मी टोपी काढून ठेवली.

“तुम्हाला म्हाईत होतं?”

“होतं.”

“त्याच येळंला?”

“त्याच वेळी.”

“मला वाटलं, आया चुकली आसंल,” ती म्हणाली. “वाटंभर तेच धरून आलो.”

मी म्हणालो की कार्यक्रमाला आता तीनच दिवस आहेत, पत्र हाती येऊ दे, मग मुनिमहाराजांकडे जाऊन प्रायश्चित्त घेऊ.

“घेऊ म्हंजे कोण?” तिने विचारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच तिने कात्री घेतली आणि पिसे उसवायला सुरुवात केली. कापड न फाटता, टाका टाका तोडून ती सगळी पिसे पेटीत परत गेली. मग तिने स्वतःसाठी आणलेल्या नकली रेशमाचे उरलेले कापड पसरले. त्यातून उरेब, म्हणजे तिरक्या पट्ट्या कापल्या. प्रत्येक पट्टीच्या मध्यावर एकच शिवण घातली आणि सुईच्या टोकाने दोन्ही कडांचे धागे शिवणीपर्यंत मोकळे केले. तिरके कापल्यामुळे ते धागे पिसाच्या केसांसारखे एका बाजूला कलले. किटलीच्या वाफेवर धरून, सुरीच्या पाठीने ओढून तिने त्यांना बाक दिला. पहिले पीस झाल्यावर ते तिने उजेडात धरले, नापसंत केले, आणि दुसरे जरा अरुंद कापले.

मी शाळेत दोन दिवसांची रजा टाकली. भात शिजवला, पाणी भरले. दुपारी मी म्हणालो, “मी काही करू का?”

तिने पट्ट्यांचा एक गठ्ठा माझ्याकडे सरकवला. “उसवायला बसा,” ती म्हणाली. “तेवढं जमंल तुम्हाला.”

आम्ही दोघे दोन दिवस समोरासमोर बसून धागे उसवीत होतो. पिसे दीडशेच्या वर झाली. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या थोडे आधी शेवटचे पीस बसले.

“उद्या घिऊन जायचं,” ती म्हणाली. “आन् तिला सांगायचं. जसं हाय तसं. पुस्तकातलं घालू नगासा त्यात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बंगल्याच्या व्हरांड्यात मी उभ्याने सांगितले. माझ्या पत्नीचा नेम काय आहे, तिने त्या दिवशी काय विचारले होते, मी मडमेला काय सांगितले आणि तिला काय सांगितले, हे सगळे. इतके लांब इंग्रजी मी वर्गाबाहेर कधी बोललो नव्हतो. पत्नी माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. मी थांबल्यावर ती एक पाऊल पुढे झाली आणि कॅम्पातल्या हिंदीत तिने मडमेला थेट विचारले, “मास्तर झूठ बोला था?”

मडम गोंधळली. मग म्हणाली, “हां.”

पत्नीने मान हलवली. मी खरे सांगितले की नाही हे तिने अशा रीतीने तपासून घेतले.

मडमेने झगा उजेडात नेला. एक पीस दोन बोटांत धरून पाहिले, फुंकर घातली. फार कल्पक आहे, असे म्हणाली. मग मला म्हणाली, “पण झगा माझा आहे. तिने मला विचारायला हवे होते.” पिसांची पेटी तिने आयेकडे दिली. झगा बदलण्याइतका वेळ कोणाकडेच नव्हता.

कार्यक्रमाला पत्नी पडद्यामागे होती, हूक लावायला. आमच्यासारख्यांना बाजूच्या व्हरांड्यात उभे राहायची मुभा होती. मी एका खिडकीतून नाच पाहिला. मडम चाळिशीच्या जवळ आलेली होती आणि एका गुडघ्यात तिला जोर नव्हता, ते कळत होते. ती हात पसरून जमिनीवर टेकली तेव्हा खांद्यांवरची पिसे श्वासाबरोबर खालीवर होत राहिली. खरी पिसे कशी दिसली असती ते मला माहीत नाही, त्यामुळे तुलना करता येत नाही. टाळ्या पुष्कळ पडल्या.

आठवड्याने चिठ्ठी आली. पत्नी यंत्रावरून उठून आली आणि समोर बसली. “वाचा,” ती म्हणाली.

मला ती चिठ्ठी मऊ करून सांगता आली असती. मी शब्दाला शब्द लावून सांगितली. काम उत्कृष्ट आणि स्वच्छ आहे. परंतु ठरलेली वस्तू मालकिणीला न विचारता बदलणाऱ्या स्त्रीची, मुलींना शिकवण्यासाठी शिफारस करणे मला योग्य वाटत नाही. शुभेच्छा.

“पुना वाचा.”

मी पुन्हा वाचली.

“बरोबर हाय तिचं,” पत्नी म्हणाली. “बदलायच्या आधी इचारायला पायजे होतं.” थोड्या वेळाने म्हणाली, “मी इचारलंच होतं की पण.”

मग ती उठून आत गेली. ती जागा दुसऱ्या एका बाईंना मिळाली. मुख्याध्यापिका पुढच्या वेळी पोलक्यासाठी आल्या तेव्हा हळहळल्या. पत्नीने त्यांच्या बाहीचे माप घेतले आणि दुसरा विषय काढला.

महिन्याभराने एका सकाळी ती पाटी घेऊन माझ्यासमोर बसली. “मला इंग्रजी शिकवा.”

“कशाला?”

“लागतं.”

रोज शाळेच्या आधी अर्धा तास मी तिला शिकवू लागलो. व्याकरणात तिला रस नव्हता. फक्त वाचता यायला हवे होते. ती चांगली विद्यार्थिनी होती. दोन वर्षांनी ती कापडाच्या गठ्ठ्यावरचे लेबल, औषधाची बाटली, कापणीच्या नमुन्याचा विलायती कागद, सगळे वाचू लागली. कधी वर्तमानपत्रातल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवून ती मला अर्थ विचारी, मी सांगे, आणि मग ती ओळ स्वतः सावकाश वाची. त्यात टोमणा नसे. एखादी शिवण दुसऱ्यांदा ओढून पाहावी, तसे ते होते.

आणखी दोन वर्षांनी तिच्या नावाने एक पाकीट आले. निपाणीच्या मुलींच्या शाळेने तिला शिवणकाम शिकवायला नेमले होते. तिने अर्ज केव्हा केला, कोणाकडून दाखला मिळवला, मला काही ठाऊक नव्हते. तिने पत्र वाचले, घडी केली आणि मला दिले.

“तुम्हास्नी इचारलं न्हाई,” ती म्हणाली.

“नाही.”

“इचारलं आसतं तर तुम्ही व्हय म्हणला आसता.”

“हो.”

“ते ठावं हाय मला. म्हणून राग नगा धरू.”

मी राग धरला नाही. यंत्र मोटारीच्या टपावर चढवायला मी गेलो होतो. माहेरच्या जवळ, निपाणीतच, बोरगावच्या एका चुलत बहिणीच्या घरी ती राहू लागली आणि सुट्टीत बेळगावला येऊ लागली. लोकांनी सुरुवातीला विचारले, मग विचारायचे सोडले. अशी अकरा वर्षे गेली. आमच्यात भांडण असे कधी नव्हते. सुट्टीत ती आली की मुलींबद्दल पुष्कळ सांगे: कोणाचा हात जड, कोणाचा हलका, कोण सुई हरवून रडते. लढाईच्या दिवसांत कापड मिळेनासे झाले तेव्हा त्या मुली जुन्या धोतरांवर शिवण शिकल्या. मी ऐकत असे. तिच्या वर्गात मी एकदाही गेलो नाही. तिने कधी बोलावले नाही आणि मीही कधी येतो म्हटले नाही.

शेवटच्या आजारात ती चार महिने बेळगावला होती. डॉक्टरांचे कागद ती स्वतः वाची. एका दुपारी कशावरून तरी बगळ्यांचा विषय निघाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ती म्हणाली, “मला नोकरी पायजे होती, ते खरं. पण मला घाई नव्हती. घाई तुम्हाला होती.”

मी म्हणालो, “मडमेला पुन्हा नाही म्हटलं तर ती पत्र देणार नाही, असं वाटलं मला.”

“तेबी खरं आसंल,” ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

ते खरे होते, पण पुरते नव्हते. पिसांची पेटी माझ्या हातात आली त्याच्या आदल्याच दिवशी शाळेच्या मास्तरांच्या खोलीत मी दोघांना सांगून बसलो होतो की आमच्या घरातून आता बाई शाळेत शिकवायला जाणार. त्यांनी माझे अभिनंदन केले होते. एकाने तर चहा मागवला होता. व्हरांड्यात उभा राहून मी खोटे बोललो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तिच्या चाळीस मुली नव्हत्या. ते दोन मास्तर होते, आणि त्यांना पुन्हा तोंड कसे दाखवायचे हा विचार होता.

तिने विचारले असते तर सांगितले असते, असे मी स्वतःशी म्हणतो. पण मला काही विचारायचे तिने फार पूर्वीच सोडले होते.